रंगनाथ बोरुडे, हाजिर हो!

दंडाचे किस्से कसे साठतात ते बघायचं असेल तर आमच्या अड्ड्यावर यावं. श्रीरामपूरला बाजाराच्या बाहेर एका लिंबाखाली ट्रक आणि टेम्पो उभे राहतात, तोच आमचा अड्डा. तिथं दंड न झालेला माणूस सापडायचा नाही. कोर्टात पैसे भरून माणूस येतो, दोन शिव्या हासडतो, चहा मागवतो, आणि चहा संपायच्या आत त्या दंडाचा किस्सा झालेला असतो! दुसऱ्या दिवशी तोच किस्सा आणखी वाढलेला असतो. पैसे तर गेले, निदान हसून तरी घ्यावं.

यातले निम्मे किस्से माझ्या दादाचे. रंगनाथ सखाराम बोरुडे, ट्रक ड्रायव्हर, राहणार बेलापूर. मी त्याचा धाकटा भाऊ पोपट. चौथी नापास. भाजीचा टेम्पो चालवतो.

दादा गेला, त्याला अजून महिना झालेला नाही. तो गेल्यावर त्याच्या नावाचं समन्स आलं, सोमवारी कोर्टात हजर राहा म्हणून. मी समन्स घेऊन कोर्टात गेलो. कारकून म्हणाला, "मयताचा दाखला दाखवा. केस निकाली निघेल, नाव कमी होईल."

नाव कमी होईल! रेशनच्या दुकानात त्याचं नाव कमी झालं होतं. ट्रकमालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. आता कोर्टानंही तेच करायचं? मला ते होईना. आई म्हणाली, "पोपट, दाखला दे आन मोकळा हो." मोकळं कसं व्हायचं असतं, मला माहीत नाही.

त्या सोमवारचं शेवटी सांगतो. आधी बाकीचे.

*

पहिला दंड सायकलचा. मी तेव्हा शाळेत होतो. आम्ही श्रीरामपूरहून बेलापूरला निघालो होतो, तो पुढं आणि मी कॅरिअरवर. दिवस मावळला होता. रस्त्यात गिरमे पोलीस उभा. तेव्हा तो साधा शिपाई होता, हवालदार नंतर झाला.

"उतरा! डबलसीट, आन दिवा बी न्हाई."

दादा म्हणाला, "दिवा हाय की!"

"कुटं हाय?"

दादानं तोंडातली बिडी जोरात ओढली. टोक लालभडक झालं. "ह्यो काय!"

मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण गिरमे शांतपणे म्हणाला, "आरं, लाल दिवा मागं लावायचा असतो. वाक, लावतो!"

दंड झाला तो झालाच. पण घरी पोचेपर्यंत दादा हँडलवर डोकं टेकून हसत होता. सायकल दोनदा बाभळीत गेली.

*

आमच्याकडे एक रीत आहे. तिला आम्ही 'नावाला उभं राहणं' म्हणतो. दिव्याचा, जादा मालाचा, हॉर्नचा, असला किरकोळ दंड असला की कोर्टात जायचं, शिपाई नाव पुकारतो, पुढं व्हायचं, "गुन्हा कबूल" म्हणायचं आणि दंड भरायचा. तीनदा पुकारूनही कोणी उठलं नाही तर वॉरंट निघतं. पण ड्रायव्हर तारखेला गावात असतोच असं नाही. तो माल घेऊन मुंबईला असतो. मग अड्ड्यावर जो मोकळा असेल तो त्याच्या नावाला उभा राहतो. मॅजिस्ट्रेट साहेबाला कुठं तोंडं पाठ असतात!

एकदा सायमन सुरतेला गेला होता. सायमन आमचा जोडीदार, दादाच्या बरोबरीचा, चर्चमागच्या वस्तीत राहतो. त्याच्या तारखेला मोकळे होते एकटे उस्मानचाचा. डोक्याला गोल टोपी, मेंदी लावलेली लाल दाढी.

शिपायानं पुकारलं, "सायमन पीटर, हाजिर हो!"

उस्मानचाचा उभे राहिले. "हजर!"

साहेबांनी चष्मा वर केला, दाढी बघितली, टोपी बघितली. "तुम्ही सायमन पीटर?"

"व्हय साहेब."

"ख्रिस्ती?"

चाचा जरा घुटमळले. मग म्हणाले, "आजच्यापुरता, साहेब!"

कोर्टात असा हशा झाला की बाहेरची कबुतरं उडाली. साहेब जुने होते, मुरलेले. त्यांनी मान खाली घातली, दंड लिहिला आणि म्हणाले, "सायमनला सांगा, दाढी शोभून दिसते."

*

सायमनचाच दुसरा. लढाईच्या वेळचा. ब्लॅकआऊट होता. गाडीच्या दिव्यांची वरची अर्धी काच काळी करायची, असा हुकूम आला. सायमन म्हणाला, "विमान काय माझ्या खडीच्या ट्रकवर बाँब टाकनार हाय?" त्यानं काळं केलं नाही. नगरच्या नाक्यावर धरला. दंड.

मग त्यानं रागारागानं डांबर आणलं आणि सगळी काच फासून टाकली. लढाई संपली. ते डांबर काही निघेना. रॉकेल लावलं, खरडलं, तरी निघेना. नवी काच घ्यायची तर पैसे नाहीत. पंधरवड्यात पुन्हा त्याच नाक्यावर धरला. गाडीचा उजेड पडत नाही म्हणून दंड!

सायमन हात जोडून म्हणाला, "साहेब, एकदा काय ते ठरवा. दिवा लावू का नको?"

पोलीस म्हणाला, "ते दिल्लीला विचार. हितं फकस्त दंड घेत्यात."

*

दादाचा ट्रक जुना. मागचा लाल दिवा कायम बंद. बल्ब घातला की दोन दिवसांत जायचा, कारण आतली वायरच सडलेली. त्यापायी त्याच्यावर इतक्या केसेस झाल्या की जुने साहेब त्याला चेहऱ्यानं ओळखायला लागले.

एकदा साहेबांनी वैतागून विचारलं, "बोरुडे, तू तो दिवा बसवत का नाहीस?"

दादा म्हणाला, "साहेब, दंड पाच रुपये, वायरिंग तीस रुपये. दंड परवडतो, दिवा न्हाई परवडत!"

कोर्ट हसलं. साहेबही हसले आणि म्हणाले, "मग दंड दहा रुपये. आता?"

दादानं बोटं मोजली. "अजून परवडतोय, साहेब!"

हे वाक्य अड्ड्यावर फार चाललं. कोणी चहाचे पैसे द्यायला काचकूच केली की दुसरा म्हणायचा, "दे रं, परवडतोय!" ट्रकमालकालाही कोणीतरी सांगितलं. तोही हसला. वायर मात्र त्यानं बदलली नाही.

*

दुष्काळात हसणं कमी झालं. आमचा मामा तिसगावला असतो. दादा रेशनचा मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, घेऊन तिकडं गेला होता. तिथं त्याला कळलं की मामाची गाय कोंडवाड्यात आहे. मोकाट सुटलेलं जनावर कोंडवाड्यात घालतात आणि मालकानं दंड भरला की सोडतात. दादाला वाटलं, मामाकडं दंडाला पैसे नसतील. तो गेला, पैसे भरले आणि गाय घेऊन मोठ्या ऐटीत मामाच्या दारात उभा राहिला.

"मामा, बग काय आनलंय!"

मामा बाहेर आला. गाय बघितली आणि कपाळावर हात मारून खालीच बसला.

"आरं येड्या, सोडवून कशाला आनलीस? म्याच सोडली हुती तिला, कोंडवाड्यात जावी म्हनून! तितं तिला पेंडी तरी मिळत हुती!"

दादानं गाय पुन्हा दाव्याला धरली, चालवत नेली आणि कोंडवाड्याच्या दारापुढं मोकाट सोडून दिली. बराच वेळ झाला तरी शिपाई दार उघडेना. दादानं हाक मारली, "आवो, जनावर मोकाट फिरतंय! दंड लावा की!"

शिपाई आतूनच म्हणाला, "पेंड्या संपल्या. आता दंड भरला तरी आत घेनार न्हाई."

हा किस्सा दादानं अड्ड्यावर एकदाच सांगितला. कोणी हसलं नाही. त्यानं पुन्हा सांगितला नाही.

*

दादा कसा गेला ते दोन ओळींत सांगतो. त्यावर किस्सा होत नाही.

खडी भरलेला ट्रक बेलापूरच्या अलीकडं बसला. स्प्रिंगचा मागचा पाटा तुटला होता. तिन्हीसांजा झाल्या होत्या. दादानं रस्त्यावर दगड लावले आणि मागच्या चाकापाशी वाकून काम करायला लागला. मागून दुसरा ट्रक आला. त्याला आमचा ट्रक दिसलाच नाही.

आदल्याच आठवड्यात त्याच रस्त्यावर गिरमे हवालदारानं दादावर केस केली होती. मागचा दिवा नाही म्हणून.

मी त्या दुसऱ्या ट्रकच्या काचा फोडायला धावलो होतो. लोकांनी मला धरलं. त्याचा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून ओकत होता. माझ्याएवढाच असेल.

*

नगरच्या दवाखान्यातून दादाला उस्मानचाचांच्या ट्रकमधून आणलं. मागं फळीवर दादा आणि भोवती आम्ही सगळे उभे. भावकी, अड्ड्यावरची माणसं, मामा. चाचा गाडी इतकी हळू चालवत होते की सायकली पुढं जात होत्या.

श्रीरामपूरच्या नाक्यावर गिरमे. हात आडवा.

आता, मालाच्या गाडीत माणसं बसवणं हा गुन्हा आहे. माणशी दंड असतो. चाचांनी गाडी थांबवली.

"चाचा, काय बाजार भरवलाय मागं?" असं म्हणत गिरमे चाकावर पाय देऊन वर चढला आणि पेन्सिलनं डोकी मोजायला लागला. "एक, दोन, तीन, चार..." आणि पेन्सिल पांढऱ्या कापडापाशी येऊन थांबली.

मग सायमन म्हणाला, "त्याला मोजू नका, हवालदार. ह्या गाडीत त्यो एकटाच कायद्यानं बसलाय."

"कोन हाय?"

"रंग्या."

गिरमेनं पेन्सिल कानावर ठेवायला हात वर नेला. ती तिथं बसेना. खाली पडली. त्यानं ती उचलली नाही. उतरला, टोपी काढली आणि नाक्याचा बांबू स्वतःच्या हातानं वर करून, गाडी पार होईपर्यंत तसाच धरून उभा राहिला.

*

मग दाखल्याचा. मी मयताची नोंद करायच्या कचेरीत गेलो. सायमन बरोबर होता. कारकुनानं तारीख विचारली, बोटांवर दिवस मोजले.

"नोंद करायला उशीर झालाय."

मी म्हणालो, "घरात सुतक हुतं. आई अंथरुणावर हाय. कोन येनार?"

"ते खरं. पन उशिराचा दंड भरावा लागंल."

सायमननं माझा हात दाबून धरला होता. त्याला माझा स्वभाव माहीत आहे. त्यानंच पैसे काढले आणि टेबलावर ठेवले. कारकुनानं पावती फाडली, दाखला लिहिला, शिक्का मारला. माणूस वाईट नव्हता. कागद माझ्या हातात देताना तो अगदी सवयीनं म्हणाला, "पुढच्या येळी येळेवर या."

मी दौत उचलली आणि त्याच्या टेबलावर उलटी केली. शाई सगळीकडं. रजिस्टरावर, त्याच्या धोतरावर, माझ्या पायजम्यावर. सायमननं मला कमरेला धरून उचलून बाहेर आणलं. मागून कारकून ओरडत होता, "मी काय केलं? आवो, मी काय केलं?"

खरं तर त्यानं काहीच केलं नव्हतं.

सायमन तासाभरानं पुन्हा आत गेला. शाईचे पैसे देऊन आला. तोही एक दंडच. बाहेर येऊन म्हणाला, "पोप्या, ह्यो किस्सा लिंबाखाली सांगायचा का न्हाई?"

मी म्हणालो, "न्हाई."

तो म्हणाला, "रंग्यानं सांगितला आसता."

मी रस्त्यातच बसलो आणि हसायला लागलो. नंतर ते हसणं राहिलं नाही.

*

सोमवार. मी शाईचे डाग पडलेला तोच पायजमा घालून कोर्टात गेलो, दुसरा धुतलेला नव्हता. एका खिशात दाखला, दुसऱ्या खिशात दंडाचे पैसे. काय काढायचं ते ठरलेलं नव्हतं. चाचा आणि सायमन माझ्या दोन्ही बाजूंना बाकावर बसले. आईनं निघताना पुन्हा सांगितलं होतं, "दाखलाच दे हां, बाळा. उगं येडेपना करू नको."

कोर्टाचा कारकून येऊन विचारून गेला, "आणलाय ना दाखला?" मी मान हलवली.

जुने साहेब बदलून गेले होते. नवे साहेब तरुण होते, भरभर कामं उरकत होते. एकेक नाव पुकारलं जात होतं, माणूस उठत होता, "कबूल" म्हणत होता, पैसे भरत होता. भिंतीला टेकून गिरमे हवालदार उभा होता. त्याच्या केसेस होत्या. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर खाली घातली.

मग शिपाई दारात गेला. त्याचा आवाज मोठा आहे, पार रस्त्यापर्यंत जातो.

"रंगनाथ सखाराम बोरुडेऽऽ, हाजिर होऽऽ!"

दादा गेल्यापासून ते नाव कोणी एवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं. घरात सगळे हळू बोलतात. मी खिशात हात घातला. दाखल्याची घडी बोटाला लागली.

"रंगनाथ सखाराम बोरुडेऽऽ, हाजिर होऽऽ!"

बाहेर रस्त्यावर कोणी सायकल थांबवून आत बघितलं. उस्मानचाचा माझ्या कानाशी म्हणाले, "बेटा, मी ऱ्हाऊ का उभा?"

मी म्हणालो, "नको, चाचा. माझा दादा हाय."

"रंगनाथ सखाराम बोरुडेऽऽ..."

"हजर!"

मी उठून पुढं गेलो. कारकुनाचा हात कागदावर थांबला. सायमननं मागून "पोप्या" अशी हाक मारली, अगदी हळू.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग पायजम्याकडं. "रंगनाथ बोरुडे?"

"व्हय साहेब."

"वय?"

"एकतीस."

माझं एकवीस आहे. आणि मिशीही अजून धड नाही. साहेबांनी कागद बघितला, मला बघितलं आणि भिंतीकडं वळले. "हवालदार, केस तुमची आहे. हाच का तो?"

गिरमे पुढं आला. टोपी सरळ केली. माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "ह्योच त्यो."

साहेबांनी कागदाकडं नजर टाकली. "गाडीला मागचा दिवा नव्हता. गुन्हा कबूल?"

"कबूल."

"पाच रुपये." लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि जरा दरडावून विचारलं, "पुन्हा बिनदिव्याची गाडी घेऊन रस्त्यावर येशील?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "आता पुन्हा न्हाई येनार."